थंड अंगाची तपासणी

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत न्हाय. पण तुमचा घोळ व्हायला नको म्हणून एकदाच सांगते, आमच्या मालकांचं नाव कृष्णात. ह्याच्यापुढं मालक म्हणलं की कोण ते तुमी समजून घ्यायचं. मी शालूबाई. तोंडानं फटकळ हाय असं गल्ली म्हणती, आणि गल्ली काय खोटं बोलत न्हाय.

साल शहात्तरचं. मालकांनी पंचेचाळिशी गाठलेली. दिवसभर उद्यमनगरात फौंड्रीत काम, सांजच्याला घरी आलं की तांबडा रस्सा, भाकरी आणि वर तंबाखूची चिमट. एकेकाळचं नावाजलेलं पैलवान. आमचं लगीन ठरलं तवा ह्यांची मान बघून माझ्या मावशीनं इचारलतं, ह्या माणसाच्या गळ्यात सदरा जातो तरी कसा. पण कुस्ती सुटून बारा वर्सं झालती. कुस्ती सुटली, खुराक काय सुटला न्हाय. त्यामुळं पोट असं सुटलतं की चपला पायात घालताना मालकांना आपलं पाय दिसायचं न्हाईत, नुसत्या अंदाजानं घालायचं.

आमच्या गल्लीची तालीम लालासाब वस्तादांच्या हातात. सगळी हयात त्यांनी तिथं घातली, आमचं मालक त्यांच्याच हाताखाली तयार झालं. त्या साली वस्तादांचं गुडघं पार गेलं. हौदा म्हणजे कुस्तीच्या तांबड्या मातीचा खड्डा, त्यात त्यांना उतरता येईना. वस्तादच हौद्यात उतरंना तर पोरं शिकणार कुणाकडनं? गल्लीची बैठक बसली. हंबीरराव म्हणून एक हाय, त्यो बी जुना पैलवान, मालकांपेक्षा वाईच धाकटा. त्यो उठला आणि म्हणाला, तालमीला कुलूप घालूया आणि जागा माझ्या मेव्हण्याला देऊया, त्याला मांडवाचं सामान ठेवायला जागा पायजेच हाय. लालासाब वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालं, दसऱ्यापातूर थांबा, माझी तालीम कृष्णात चालवंल.

आमच्या तालमीची पद्धत अशी, की दसऱ्याला नव्या वस्तादानं हौद्यात उतरायचं आणि तालमीतल्या एका तयार गड्याशी कुस्ती धरायची. सगळ्या गल्लीसमोर. धरली तर वस्ताद, न्हाय तर कुलूप. मालक त्या दिवशी घरात आलं ते पोरासारखं नाचतच. मला म्हणालं, शालू, परत माती लागणार अंगाला. बारा वर्सांत त्यांचं तोंड इतकं उजळलेलं मी बघितलं न्हवतं. मला बी लई बरं वाटलं.

पण वस्तादांची एक अट हुती. दोन वर्सांमागं गूळ मार्केटातला बाबालाल असाच जुन्या हौसेनं तालमीत परत आलता. चांगला दांडगा माणूस. वीस वर्सं अंगाला माती न्हाय, आणि पहिल्याच दिवशी पोरांच्या बरोबरीनं जोर काढायला लागला. मधीच छातीवर हात ठेवून खाली बसला, त्यो परत उठला न्हाय. लालासाब वस्तादांच्या मांडीवर जीव गेला त्याचा. तवापासनं वस्तादांनी नेम केला, चाळिशीच्या वरच्या माणसानं परत व्यायाम धरायचा असंल तर आधी आण्णा डाक्टरांकडनं तपासून यायचं. डाक्टरांनी तोंडानं व्हय म्हणल्याबिगर तालमीची पायरी चढायची न्हाय, मग सख्खा भाऊ असो न्हाय तर आमदार असो.

मालकांना ते लई लागलं. मला काय झालंय, मला डाक्टर कशाला, असं दोन दिवस धुसफुसत हुतं. शेवटी सोमवारी, फौंड्रीच्या सुट्टीला, तेल लावून अंघोळ केली, लग्नाकार्याचा पांढरा सदरा घातला, फेटा बांधला आणि निघालं. मी म्हणलं मी बी येते. तर म्हणालं, मला काय दाखवायला चाललीयास? आणि एकटंच गेलं.

परत आलं ते मेलेल्या माणसाचं तोंड घेऊनच. फेटा हातात. मग खोदून खोदून इचारलं तवा कळलं. डाक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, बघितलं, परत भरली, परत बघितलं. ब्लडप्रेशर एकशे नव्वदवर. छातीला नळी लावली तर ठोकं मोजता येईनात. लघवी तपासली, त्यात बी खोट निघाली. डाक्टर म्हणालं, कृष्णात, असल्या अंगानं तू तालमीत गेलास तर दुसरा बाबालाल होशील, मी हो म्हणणार नाही. चार दिवस पडून राहा, मग मोठ्या दवाखान्यात दाखवू.

ती बातमी गल्लीत फिरायला काय येळ लागतोय? सांजच्याला हंबीरराव मेव्हण्याला घेऊन तालमीची जागा पावलांनी मोजत हुता. लालासाब वस्ताद आमच्या दारात आलं, मालकांच्या खांद्यावर हात ठेवून बसलं आणि उठून गेलं. जाताना त्यांचं डोळं भरलेलं मी बघितलं.

मालकांनी तर जगायचंच सोडलं. भिंतीकडं तोंड करून पडायचं. एकदा मला बोलावून म्हणालं, माझ्या माघारी म्हस इकू नगंस. मी तोंडावर म्हणलं, आधी तुमालाच इकते, म्हशीचं नंतर बघू. पण मागं गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर डोकं टेकवून मी इतकी रडले म्हणून सांगू. धडकीच भरली हुती मला. तालीम जाऊ दे मसणात, माणूस राहतोय का न्हाय ह्याचीच भीती. मोठ्या दवाखान्याचं नाव काढलं की मालक कानावर हात ठेवायचं.

गुरुवारी मी धुणं काढलं. त्यो पांढरा सदरा पाण्यात घालायला उचलला तर खाली टॉवेलाची गुंडाळी. उलगडली तर आत लंगोट. बारा वर्सं ट्रंकंच्या तळाला पडलेला लाल लंगोट, आणि घामानं वाळून पापडागत कडक झालेला. डाक्टरकडं जायला माणसाला लंगोट कशाला लागतोय?

तसाच हातात धरून आत गेले आणि ह्यांच्या म्होरं नाचवला. म्हणलं, ह्यो काय परकार हाय? मालक भिंतीकडं बघतच बारीक आवाजात म्हणालं, "थंड अंग कुणाला दाखवायचं नस्तंय, शालू. वस्तादांनीच शिकवलंय."

आता तुमाला सांगायला पायजे. कुस्तीचं मैदान भरायच्या आधी पैलवानांच्या जोड्या ठरवत्यात. जाणती माणसं बसलेली असत्यात, पैलवान कापडं काढून त्यांच्यापुढं उभा राहतोय, अंग बघून कुणाशी कुणाची लावायची ते ठरतंय. त्यामुळं पैलवान तिथं कधी थंड अंगानं जात न्हाय. आधी आडोशाला जाऊन जोर-बैठका मारतोय, अंग फुगवतोय, शिरा वर आणतोय आणि मग पुढं येतोय. आमच्या मालकांनी तेच केलं. गंगावेशीत कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं ताजं दूध तांब्याभर प्यालं, दवाखान्याच्या मागच्या बोळात गेलं, सदरा खुंटीला टांगला, लंगोट कसला आणि बैठका मारायला सुरुवात केली. शंभर-दोनशे तरी मारल्या असतील. बारा वर्सांनी. मग टॉवेलानं अंग पुसून, सदरा-फेटा चढवून, छाती काढून सरळ डाक्टरांच्या म्होरं. डाक्टरांनी अंग बघून वा म्हणावं, एवढीच आशा.

मी पहिल्यांदा नुसतीच उभी राहिले. मला शब्द सुचला न्हाय असं आयुष्यात दोनदाच झालंय, त्यातलं हे एक. मग जे तोंड सुटलं ते सुटलंच. म्हणलं, "अवो, डाक्टर काय तुमची जोड लावणार हुतं व्हय? कुणाशी, कंपौंडरशी?" लंगोट ह्यांच्या अंगावर फेकला. आणि फेकता फेकता मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू आलं. मालक उठून बसलं आणि खुळ्यागत माझ्याकडं बघायला लागलं.

तसंच हाताला धरून दवाखान्यात नेलं. आण्णा डाक्टरांना सगळं सांगितलं तर डाक्टर आधी चष्मा काढून डोळं पुसंस्तोवर हसलं. मग चष्मा परत चढवून म्हणालं, एवढ्या बैठका मारून आलं की प्रेशर, ठोके, लघवी सगळंच बिघडलेलं दिसतं. चूक माझीपण आहे, पैलवानाला तपासायच्या आधी मी हे विचारायलाच पाहिजे होतं. येत्या सोमवारी परत या. बैठका न्हाईत, तंबाखू न्हाय, तांब्याभर दूध न्हाय. आल्यावर अर्धा तास बाकावर गप बसायचं, मगच पट्टा बांधणार.

सोमवारी मी संगं गेले. ह्यांचा भरवसा कोण धरणार? बाकावर शेजारी पोलिसागत बसले. तरी मालकांचा सदऱ्याच्या आत गुपचूप उद्योग चाललेलाच. दंड आवळायचं, सोडायचं, परत आवळायचं. मी चिमटा काढला आणि म्हणलं, दंड सैल सोडा. कंपौंडर तोंडावर हात धरून हसत हुता.

डाक्टरांनी तपासलं. ठोकं ठीक. लघवी साफ. मी देवाला हात जोडणार तेवढ्यात डाक्टर म्हणालं, थांबा शालूबाई. प्रेशर एकशे साठ आहे. एकशे नव्वदचं भूत गेलं, पण हे खरं आहे. आणि ते कळलं हे बरं झालं, नाहीतर हा गडी थेट हौद्यात उतरला असता. मालकांचं तोंड परत उतरलं. मी सरळच इचारलं, दसऱ्याला हौद्यात उतरता येईल का न्हाय तेवढं सांगा. डाक्टर म्हणालं, जून चाललाय, दसरा ऑक्टोबरात. मी सांगतो तसं वागला तर येईल. न वागला तर मी स्वतः तालमीच्या दारात आडवा पडेन.

मग सुरू झाली आमची कसरत. रोज एक गोळी. तंबाखू बंद. मीठ बेताचं, लोणचं-पापड कपाटात कुलपात. आणि जोर-बैठका आत्ता न्हाईतच, आधी महिनाभर नुसतं चालायचं. पैलवानाला चाल म्हणणं म्हणजे कुस्तीच्या मैदानात भातुकली खेळ म्हणण्यागत. मालकांना लाज वाटायची. मी सोबत गेले, कारण एकटं सोडलं असतं तर रंकाळा तलावाला जातो म्हणून भज्याच्या गाड्यावर उभं राहिलं असतं. रोज पहाटं आमी दोघं रंकाळ्याला. पाऊस असला तरी एका छत्रीत. अळणी रस्सा पहिल्या दिवशी ह्यांनी सरकवून दिला. मी त्यांच्यादेखत त्योच रस्सा दोन वाट्या ओरपला. लई वाईट लागत हुता, खोटं कशाला बोलू? पण मी खाल्ला म्हणल्यावर मालकांना बी खावा लागला.

हंबीरराव एकदा वाटंत भेटला. छत्रीकडं बघून म्हणाला, काय पैलवान, बायकूनं येसण घातली वाटतं. मालक खाली मान घालून पुढं जायला लागलं. मला कुठलं राहवतंय. म्हणलं, "व्हय भावजी, घातली. तुमच्या नाकाच्या मापाची बी एक शिल्लक हाय." त्या दिवसापासनं हंबीरराव रंकाळ्याच्या वाटंला फिरकला न्हाय.

महिन्यानं डाक्टरांनी बघितलं आणि सूर्यनमस्कार चालू करायला सांगितलं. मग थोडं जोर. मग थोड्या बैठका. प्रत्येक पायरीला आधी तपासणी, मग परवानगी. श्रावण सरला, गणपती गेलं. पोट आत गेलं. मालकांना चपला घालताना आपलं पाय दिसायला लागलं, तर पहिल्या दिवशी मला हाक मारून दाखवलं, बघ शालू, बघ. मी बी चालून चालून अशी तयार झालते की रंकाळ्यावर मी म्होरं आणि मालक मागं. थांब की जरा, म्हणायचं. थांबत न्हवते.

दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी शेवटची तपासणी. बाकावर अर्धा तास गप. पट्टा बांधला. एकशे तीस. मालकांनी डोळं मिटलं. तर डाक्टर खुर्ची मागं सारून म्हणालं, "आता मार बैठका. आज मला गरम अंग बघायचंय." मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, बघताय काय, मारा की. दवाखान्याच्या मधल्या खोलीत मालकांनी सदरा काढला आणि बैठका सुरू केल्या. बाहेर बसलेलं पेशंट दारात गोळा झालं. खोकला झालेला एक म्हातारा खोकायचा थांबून मोजायला लागला. डाक्टरांनी बास म्हणल्यावर परत पट्टा, परत नळी. मग पाच मिनटं बसवून आणखी एकदा. ठोकं जिथनं वर गेलतं तिथं परत खाली आलं. डाक्टर उठलं, सगळ्या पेशंटांच्या म्होरं मालकांची पाठ थोपटली आणि म्हणालं, जा, लालासाबला सांग, मी हो म्हणतोय.

दसरा उजाडला. आदल्या दिवशी पोरांनी हौदा उकरून मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घातलेलं. सगळ्या गल्लीला त्यो वास. बायकांनी तालमीत जायचं नस्तंय, म्हणून मी समोरच्या माडीवर मेहरुन्निसा भाभीच्या खिडकीत उभी. मेहरुन्निसा भाभी म्हणजे लालासाब वस्तादांची बायको. तिथनं तालमीच्या दारातनं हौदा सरळ दिसतोय. हंबीरराव मेव्हण्याला घेऊन पुढंच बसलेला. कुलूप बी आणलं असंल, मला शंका हाय.

मालकांच्या समोर कोण, तर वस्तादांचा पुतण्या गौस. चोवीस वर्सांचा, खांबागत मांड्या, त्या साली चार मैदानं मारलेला. वस्तादांनी मुद्दाम त्यालाच उतरवलं. तालीम द्यायची तर फुकटची न्हाय, असं त्यांचं म्हणणं.

मालक हौद्यात उतरलं. त्योच लाल लंगोट. वाकून माती कपाळाला लावली. सलामी झाली. गौसनं पहिल्यापासनं दाबून धरलं. मालकांना रेटत रेटत भिंतीपातूर नेलं. माझ्या हातात खिडकीचा गज हुता, त्यो मी असा आवळलाय की भाभी म्हणाली, शालू, खिडकी उपटून काढतीस काय? मालक हालंनात. नुसतं उभं. श्वास एका लयीत, रंकाळ्यावर चालताना असायचा तसाच. गौस रेटतोय, मालक सोसतायत. पाच मिनटं झाली, दहा झाली. मग दिसायला लागलं की तोंड गौसनं उघडलंय. त्याची छाती भात्यागत वर-खाली. मालकांचं तोंड मिटलेलंच.

गौसनं कंटाळून पट काढायला ह्यांच्या पायाकडं झेप घातली. मालक बाजूला झालं, त्याला तिथंच खाली दाबलं आणि मागं जाऊन कब्जा घेतला. मालकांनी गुडघा रोवला, गौसच्या लंगोटाला हात घातला आणि घिस्सा म्हणत्यात त्यो डाव ओढला. एका दमात. गौसची पाठ मातीला लागली, आणि आभाळ फाटल्यागत आरडाओरडा झाला. फेटं उडालं. हलगी घुमली. मी माडीवरनं काय ओरडले मला आठवत न्हाय, पण मेहरुन्निसा भाभी सांगती की मी नवऱ्याचं नाव घेऊन ओरडले. सगळ्या गल्लीनं ऐकलं म्हणं. ऐकू दे.

लालासाब वस्ताद काठी टेकत हौद्याच्या काठाला आलं. आपल्या डोक्यावरचा फेटा काढला आणि मालकांच्या डोक्यावर ठेवला. मालक त्यांच्या पायावर कोसळलं. गौस अंगावरची माती झाडत उठला आणि पहिल्यांदा त्यानं मालकांना वस्ताद म्हणून हाक मारली. तवा मात्र मला रडू आवरलं न्हाय.

हंबीरराव पुढं आला. कायतरी तिरकं बोलंल म्हणून माझं तोंड तयारच हुतं. पण गड्यानं मालकांचा हात धरला आणि म्हणाला, मला बी यायचंय परत तालमीत. मालक म्हणालं, ये की मर्दा, पण आधी आण्णा डाक्टरांकडं जाऊन ये, आणि जाताना बैठका मारू नगंस. सगळी तालीम खो खो हसली. हंबीरराव बी हसला.

मग मालकांनी वर खिडकीकडं बघितलं. अंगभर तांबडी माती, डोक्यावर वस्तादांचा फेटा. सगळी गल्ली त्यांच्या नजरंमागनं माझ्याकडं बघायला लागली. म्हणालं, "शालू, तुझी बी चाळिशी झालीया. चार महिनं न तपासता चालतीयास. तालमीचा नेम सगळ्यांना सारखा. सोमवारी डाक्टर."

मला शब्द सुचला न्हाय त्यातली ही दुसरी बारी.

सोमवारी गेले. मालक पोलिसागत शेजारी बसलं हुतं. अंगण झाडलं न्हाय, म्हशीचं शेण काढलं न्हाय, थंड अंगानं गेले. डाक्टर म्हणालं, अर्धा तास गप बसायचं शालूबाई, तुमच्याबाबतीत हेच जास्त अवघड आहे. बसले. जीव चाललेला, पण बसले. पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. एकशे वीस. आमच्या मालकांपेक्षा धा कमी. डाक्टरांना म्हणलं, परत बघा. परत बघितलं, परत एकशे वीस. मी पदर खोचला आणि घरापातूर सगळ्या वाटंनं दारोदार थांबून सांगत गेले, आणि नवं वस्ताद फेटा सावरत माझ्या मागनं चालत हुतं.